नवीन स्नोब्लोअर घेतलात? पहिल्या मोठ्या स्नोच्या आधी एवढी कामं करून घ्या

दरवर्षी ऑक्टोबर संपत आला की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, नवीन घर घेतलंय, ड्राइव्हवे लांब आहे, स्नोब्लोअर कुठला घेऊ? त्यावर सगळे भरभरून बोलतात. पण मशीन घरी आल्यावर त्याचं पुढे काय करायचं हे कोणी विचारत नाही, आणि मग जानेवारीत पहिला ओला जड स्नो पडला की तीच मंडळी सांगायला लागतात की मशीन लांब फेकतच नाही, सारखं चोंदतं, बोटं बधिर होतात, पैसे फुकट गेले. पैसे फुकट गेलेले नसतात हो. कारखान्यातून मशीन येतं ते साधारण सगळीकडे चालेल असं लावलेलं असतं, तुमच्या ड्राइव्हवेला, तुमच्या उंचीला आणि इथल्या मॅसॅच्युसेट्सच्या पाणचट स्नोला बेतून लावलेलं नसतं. ते आपल्याला लावून घ्यावं लागतं, आणि त्यातलं बरंचसं काम एका शनिवारी गराजमध्ये, दोन पाने आणि एक ड्रिल घेऊन होतं.

मी मूळची नाशिकची, बाबांचं सातपूरला छोटं वर्कशॉप होतं त्यामुळे ग्रीसच्या वासाची लहानपणापासून सवय. इथे आले २०१४ मध्ये, म्हणजे आमचा पहिलाच हिवाळा तो बॉस्टनचा विक्रमी हिवाळा, सीझनभरात ११०.६ इंच स्नो. तो सगळा आम्ही दोघांनी फावड्याने काढला, आणि मार्चमध्ये नवऱ्याची कंबर धरली तेव्हा ठरलं की आता मशीन. तेव्हापासून आमच्या घरात स्नोब्लोअर मी चालवते आणि मीच दुरुस्त करते.

एक हिशोब आधी सांगते म्हणजे हा सगळा खटाटोप कशासाठी ते कळेल. कोरडा भुसभुशीत स्नो असेल तर दहा इंच स्नोचं साधारण एक इंच पाणी होतं. म्हणजे एक फूट स्नो पडला तर एका चौरस मीटरवर साधारण ३० किलो. तुमचा ड्राइव्हवे २० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद असला तर झाले ३,००० किलो, तीन टन! आणि तोच स्नो तापमान शून्याच्या आसपास असताना पडला तर दहाला एक न राहता पाचाला एक होतो, म्हणजे सहा टन. मशीन तेच, इंजिन तेच, काम दुप्पट. म्हणून ओल्या स्नोसाठी मशीन तयार करायचं, कोरडा आपोआप निघतो.

मी इथे टू-स्टेज मशीनबद्दलच बोलतेय, २४ ते २८ इंची, पेट्रोलवालं, इंजिन साधारण २०० ते २५० सीसी. टू-स्टेज म्हणजे पुढे आडवा फिरणारा लोखंडी स्क्रू असतो तो ऑगर, तो स्नो फोडून मध्यभागी आणतो, आणि त्याच्या मागे गोल डब्यात पंख्यासारखा इम्पेलर असतो तो स्नो उचलून वरच्या सोंडेतून, म्हणजे शूटमधून, लांब फेकतो. ही दोन नावं डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

सगळ्यात आधी हाताचं

हे मी शेवटी नाही, सुरुवातीलाच सांगणार. शूट चोंदलं की माणसाला वाटतं इंजिन तर बंद केलंय, हात घालून गोळा काढू. करू नका, कधीच करू नका! इंजिन बंद असलं तरी बेल्टमध्ये ताण राहिलेला असू शकतो, स्नोचा गोळा सुटला की इम्पेलर झटक्यात थोडा फिरतो आणि तेवढं बोटांना पुरतं. मशीनबरोबर एक प्लॅस्टिकचा दांडा येतो, बहुतेक बकेटवर (ऑगर ज्यात फिरतो त्या पुढच्या लोखंडी खोक्यावर) क्लिपमध्ये अडकवलेला असतो, तो फक्त ह्यासाठीच आहे. इंजिन बंद करायचं, चावी काढायची, सगळं फिरायचं थांबलंय ह्याची खात्री करायची आणि मग दांड्याने गोळा काढायचा. गराजमध्ये काम करताना तर स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला वळवून ठेवल्याशिवाय पुढच्या बाजूला हात लावायचा नाही. आणि गराजमध्ये इंजिन चालू करून बघायचं नाही, शटर उघडं असलं तरी नाही, मशीन बाहेर ढकला आणि मग चालू करा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पहिलं काम: पाना फिरवा, तेल बघा

नवीन मशीनचे नटबोल्ट घट्टच असतील असं धरून चालू नका. आमच्या पहिल्या मशीनची जोडणी दुकानातच करून दिली होती आणि तरी हँडलचे दोन बोल्ट हाताने फिरत होते, दुसऱ्याच वापरात हँडल डुगडुगायला लागलं. म्हणून हँडलचे चारही बोल्ट, शूटच्या बुडाचे बोल्ट, स्किड शूजचे (बकेटच्या कडांच्या लोखंडी पायांचे) बोल्ट, चाकांच्या पिना, सगळ्यांवर एकदा पाना लावा, आणि पहिल्या दोन-तीन वापरांनंतर पुन्हा एकदा, कारण सुरुवातीच्या थरथराटाने ढिलं व्हायचं ते तेव्हाच होतं.

तेल डिपस्टिकवर बघून घ्या, मशीन सपाट जमिनीवर ठेवून. काही मशिनं तेल घालून येतात, काही कोरडी येतात, कोरडं इंजिन चालवलं तर मिनिटांत संपलं. पहिलं तेल लवकर बदलायचं, बऱ्याच मॅन्युअलमध्ये पहिल्या ५ तासांनी असं असतं, कारण नव्या इंजिनच्या भागांचा बारीक धातूचा चुरा त्या पहिल्या तेलात उतरतो. मी नेहमी सिंथेटिक ५डब्ल्यू-३० घालते, कडाक्याच्या थंडीत ते पातळ राहतं आणि दोरी ओढताना हाताला लगेच फरक कळतो. ह्या इंजिनांमध्ये तेल मावतं जेमतेम अर्धा-पाऊण लिटर, त्यामुळे बाटली पूर्ण ओतू नका, थोडं थोडं घालून डिपस्टिक बघत जा, जास्त झालेलं तेलही इंजिनला त्रासच देतं.

दुसरं काम: मशीन सरळ उभं करा

आधी टायरमधली हवा. दुकानातून आलेल्या मशीनच्या दोन टायरमध्ये हवा सारखी नसते असं मला प्रत्येक वेळी दिसलंय, आणि एक टायर कमी एक जास्त असला की बकेट एका बाजूला कलते, मशीन एका बाजूला ओढतं आणि तुम्ही तासभर ते सरळ ठेवायला झटता. टायरच्या बाजूला जास्तीत जास्त किती पीएसआय ते लिहिलेलं असतं, त्याच्या आत ठेवून दोन्हीत सारखी भरा.

मग स्किड शूज. बकेटच्या दोन्ही कडांना लोखंडी पाय असतात, त्यांच्यावर बकेटची उंची ठरते. डांबरी ड्राइव्हवे असेल तर गराजच्या सपाट काँक्रीटवर मशीन घ्या, स्क्रेपर बारच्या (बकेटच्या खालच्या पट्टीच्या) दोन्ही टोकांखाली रंग ढवळायची लाकडी काडी ठेवा, साधारण तीन मिलिमीटरची, रंगाच्या दुकानात फुकट मिळते, मग दोन्ही शूजचे बोल्ट सैल करून शू जमिनीला टेकवा आणि घट्ट करा. काड्या काढल्या की पट्टी जमिनीपासून तेवढीच वर राहते. एवढं केलं की मागे पातळ थर राहतो आणि ड्राइव्हवेच्या भेगांवर बकेट आपटत नाही. खडीचा ड्राइव्हवे असेल तर मात्र बकेट इंचभर किंवा जास्तच वर ठेवा, नाहीतर ऑगर दगड उचलतो आणि इम्पेलर तो शेजाऱ्याच्या काचेपर्यंत पोचवतो.

इथेच पहिली खर्चाची गोष्ट येते. मूळचे शूज छोटे आणि पातळ पत्र्याचे असतात, फुटपाथच्या सांध्यात अडकतात. त्याऐवजी लांब, दोन्ही टोकं वर वळलेले जाड शूज मिळतात, ते खरंच फायद्याचे. ड्राइव्हवेवर पेव्हर्स (फरशीचे ब्लॉक) किंवा नवीन सीलकोट (डांबरावरचा लेप) असेल तर पॉलिमरचे घ्या, गंजाचे आणि घासल्याचे ओरखडे उठत नाहीत. चाकवाले शूजही मिळतात पण मला ते आवडले नाहीत, चाकांत बर्फ गोठला की ती फिरत नाहीत.

तिसरं काम: शिअर पिन आणि ग्रीस

ऑगर ज्या दांड्यावर फिरतो त्याला दोन बाजूंना एकेक पिन असते, तिला शिअर पिन म्हणतात. ती मुद्दाम कमजोर केलेली असते. स्नोखाली गाडलेलं वर्तमानपत्राचं जाड पुडकं किंवा लाकडाचा ओंडका ऑगरमध्ये आला की पिन तुटते आणि मागचा गिअरबॉक्स वाचतो. पिन तुटली म्हणून हातात असलेला कडक बोल्ट घालू नका, बोल्ट नाही तुटणार, गिअरबॉक्स तुटेल, आणि त्याची किंमत ऐकून वाईट वाटेल. तुमच्या मॉडेलच्या चार-सहा पिना आजच मागवा, दोन मशीनवरच टेप लावून ठेवा.

आता मशीनवर बसवलेल्या पिना काढा आणि ऑगरच्या दांड्यावर ग्रीसची छोटी निपल दिसतात का बघा, असली तर त्यात ग्रीसगनने ग्रीस मारा आणि ऑगर दांड्यावर हाताने गोल फिरवा म्हणजे ग्रीस सगळीकडे पसरेल. निपल नसली तर मॅन्युअलमध्ये दिलंय तसं फटीतून तेल सोडा. हे का, तर दोन-तीन हिवाळ्यांत पाणी आणि रस्त्यावरचं मीठ आत जाऊन ऑगर दांड्याला गंजून चिकटतो, आणि मग पिनेचा उपयोगच उरत नाही, अडकलं की झटका सरळ गिअरबॉक्सला. चाकांचंही तसंच, चाक काढून अ‍ॅक्सलवर अँटी-सीझची पेस्ट लावून परत बसवा, पुढे कधी टायर बदलायचा झाला तर हातोडा लागणार नाही. नवीन मशीनवर हे काम वीस मिनिटांचं आहे, पाच वर्षांनी तेच काम दोन रविवार खातं.

ग्रीस एका ठिकाणी मात्र चुकूनही जायला नको. मशीनच्या पोटात एक रबराची कडा असलेली चकती असते जी दुसऱ्या धातूच्या चकतीला घासून चाकं फिरवते, त्यांच्यावर ग्रीस किंवा स्प्रे उडाला की मशीन जागेवरच घसरत राहतं. खालचं झाकण उघडून स्प्रे मारायच्या आधी एवढं लक्षात असू द्या. (काही मशिनांत ह्याऐवजी तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारा हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह असतो, तिथे ही भानगड नाही.)

चौथं काम: स्नो चिकटू नये म्हणून

मशीन गराजमधून निघतं तेव्हा लोखंड थोडं उबदार असतं, त्यावर ओला स्नो वितळतो आणि थंड झाला की गोठून बसतो, त्यावर अजून चिकटत जातो, आणि पंधरा मिनिटांत शूटचं भोक अर्धं. म्हणून बकेट, इम्पेलरचा डबा आणि शूटच्या आतून काहीतरी गुळगुळीत हवं. मी नोव्हेंबरमध्ये एकदा सगळं धुवून, पुसून, गाडीचं पेस्ट वॅक्स दोन हात लावते, आणि मग प्रत्येक मोठ्या स्नोच्या आधी वरून सिलिकॉन स्प्रे. लॅनोलिनवाला फ्लुइड फिल्मचा स्प्रेही चांगला टिकतो आणि गंजालाही रोखतो. स्वयंपाकघरातला तेलाचा स्प्रे लोक मारतात, अडीअडचणीला चालतो, पण एका ड्राइव्हवेपुरताच. आणि जमलं तर निघायच्या अर्धा तास आधी मशीन बाहेर काढून ठेवा म्हणजे लोखंड बाहेरच्याइतकं थंड होईल, ही सगळ्यात स्वस्त युक्ती.

पाचवं काम: इम्पेलरला रबर

आता मुख्य गोष्ट. एकच मॉडिफिकेशन करायचं असेल तर हे करा.

शूट बाजूला करून वरून आत बघा. इम्पेलरची पाती आणि डब्याची भिंत ह्यात फट दिसेल, साधारण पाव इंच, काही मशिनांत अर्धा इंचसुद्धा. कारखान्यात ती ठेवतात कारण डबा पूर्ण गोल नसतो आणि पातं घासून चालणार नाही. कोरड्या स्नोला त्या फटीने काही बिघडत नाही. पण पाणचट स्नो, ज्याला इथे स्लश म्हणतात, तो पात्यावर न राहता त्या फटीतून मागे सरकतो आणि पुन्हा खाली येतो. विहिरीवरच्या पंपाचं वॉशर झिजलं की मोटर फिरते पण पाणी चढत नाही, अगदी तसंच. लोक म्हणतात इंजिन लहान पडलं, इंजिन लहान पडलेलं नसतं, पातं गळत असतं. ती फट रबराच्या पट्ट्यांनी बंद केली की जे मशीन स्लश फूटभर ओकून थांबत होतं तेच चांगलं लांब फेकतं. आमच्याकडे हे केल्यावर त्या अख्ख्या सीझनमध्ये शूट दोनदाच चोंदलं, आधी दर वीस मिनिटांनी दांडा घ्यावा लागायचा.

तयार किट मिळतं, त्यात कापलेलं रबर, लोखंडी पट्ट्या आणि स्क्रू असतात. स्वतः करायचं असेल तर आत कापडाचे पदर असलेलं रबर हवं, कन्व्हेयर बेल्टचं किंवा शेतीच्या बेलर मशीनच्या बेल्टचं, पाव ते तीन अष्टमांश इंच जाड. टायरच्या ट्यूबचं किंवा पायपुसण्याचं मऊ रबर नको, ते वळतं आणि फाटतं.

करायचं असं. पेट्रोलचा नळ बंद. स्पार्क प्लगची वायरच नाही तर प्लगही काढून ठेवा, म्हणजे इंजिनचं कॉम्प्रेशन जातं आणि चालू व्हायचा प्रश्नच उरत नाही. शूट काढा. आता इम्पेलर लाकडाच्या दांडक्याने फिरवायचा असतो पण बऱ्याच मशिनांवर ऑगरचा लीव्हर सोडलेला असताना ब्रेक लागलेला असतो, तर लीव्हर कोणाला तरी दाबून धरायला सांगा, मुलं असतात घरात, त्यांना हे काम आवडतं, फक्त त्यांना हँडलपाशीच उभं करा. ऑगर फिरवून इम्पेलर फिरेल असं वाटतं, पण मध्ये वर्म गिअर आहे, तो उलटा फिरत नाही, त्यामुळे इम्पेलरच फिरवावा लागतो.

प्रत्येक पातं पूर्ण गोल फिरवून बघा आणि फट सगळ्यात कमी कुठे आहे तिथे मार्करने खूण करा. माप तिथलं घ्यायचं. रबराच्या पट्ट्या पात्याच्या उंचीएवढ्या लांब आणि साधारण दोन इंच रुंद कापा, सगळ्या अगदी सारख्या, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलून बघा, कारण हे पातं मिनिटाला हजारभर फेरे मारतं आणि एका बाजूला जड झालं तर अख्खं मशीन थडथडेल. चार पाती असतील तर समोरासमोरच्या दोनांना लावलं तरी चालतं, मी चारही केली. तीन पाती असतील तर तिन्ही करावीच लागतात.

पट्टी पात्याच्या ज्या बाजूने स्नो ढकलला जातो त्या बाजूला ठेवायची, वरून लोखंडी पट्टी, आणि दोन भोकं पाडून बोल्ट, मागून नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, सहज न सुटणारा. साधा नट नको, थरथराटाने सुटेल आणि सुटलेला नट त्या डब्यात काय करेल ह्याचा विचारही नको. पात्याचं लोखंड चिवट असतं, आधी बारीक बिटने भोक मग मोठ्या बिटने, आणि थेंबभर तेल सोडत जा. जागा कमी असते त्यामुळे हे काम हळूच होतं, मला पहिल्या पात्याला पाऊण तास लागला आणि शेवटच्याला पंधरा मिनिटं. रबराला भोक गोल न करता थोडं लांबट केलं तर पट्टी आतबाहेर सरकवून जुळवता येते. बोल्ट कसायच्या आधी त्या खुणेपाशी रबर भिंतीला जेमतेम टेकेल असं बसवा. जोरात दाबून बसवलं तर बेल्टवर ताण येतो, बेल्ट घसरतो, जळका वास येतो. घाबरून लांब ठेवलं तर मेहनत वाया.

सगळं घट्ट झालं की हाताने दोन-तीन पूर्ण फेरे मारून बघा, कुठे अडकत नाही ना. मग शूट बसवा, प्लग बसवा, बाहेर नेऊन डब्यात थोडं पाणी टाका आणि फक्त काही सेकंद चालवा. कोरडं रबर कोरड्या भिंतीला जास्त वेळ घासलं तर तापून वितळतं, खरं बसायचं ते पहिल्या स्नोमध्येच बसतं. पहिल्या वापरानंतर इंजिन बंद करून, प्लगची वायर काढून, बोल्ट पुन्हा तपासा.

नवीन मशीनमध्ये भोकं पाडली तर वॉरंटीवर काय परिणाम होतो ते आधी वॉरंटीच्या कागदावर वाचा. मनात शंका असेल तर पहिला सीझन तसाच काढा, तोपर्यंत मशीनचे बाकी दोषही कळून येतात, आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये रबर लावा.

चालवायची पद्धत

हे मॉडिफिकेशन नाही पण ह्याच्याशिवाय वरचं सगळं अर्धंच. थ्रॉटल नेहमी पूर्ण, ससा काढलेला असतो त्या टोकाला. नवीन माणूस आवाजाला घाबरून थ्रॉटल कमी करतो आणि तिथेच शूट चोंदतं, कारण इम्पेलरचा वेग कमी झाला की स्नो सोंडेतून बाहेर पडण्याऐवजी तिथेच बसतो. वेग कमी करायचा तो चाकांचा. ओला स्नो असेल तर बकेटची पूर्ण रुंदी घेऊ नका, अर्धीच घ्या. आणि रस्त्याच्या प्लाउने (स्नो बाजूला ढकलणाऱ्या गाडीने) ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो ढीग लावून ठेवलेला असतो तो आधी काढा, तो रात्रभर राहिला तर सकाळी सिमेंट होतो.

तो ढीग बकेटपेक्षा उंच असेल तर बकेटच्या दोन्ही कडांना उभ्या लोखंडी पट्ट्या लावायच्या, ड्रिफ्ट कटर म्हणतात त्यांना, त्या ढिगाला वरून कापतात म्हणजे तो मशीनवर कोसळत नाही. उताराचा ड्राइव्हवे असेल तर चाकांना चेन, पण पेव्हर्सवर चेन नको. आमचा ड्राइव्हवे सपाट आहे, चेन घेतल्या होत्या, एकदाच लावल्या, पॅचिओच्या फरशीवर खुणा उठल्या आणि काढून टाकल्या.

हात, डोळे, खांदे

बोटं गारठली की माणूस घाई करतो आणि घाईत चुका होतात, म्हणून आरामाच्या गोष्टींवर खर्च करायला मला अजिबात वाईट वाटत नाही. गरम होणाऱ्या ग्रिपचं १२ व्होल्टचं किट मिळतं, पण विकत घ्यायच्या आधी तुमच्या इंजिनचं लायटिंग कॉइल (दिव्यासाठी वीज तयार करणारं) किती वॉटचं आहे ते बघा. बऱ्याच छोट्या इंजिनांचं कॉइल फक्त एका छोट्या हेडलाइटपुरतं, २० वॉटच्या आसपास असतं, आणि ग्रिपची जोडी त्याहून जास्त खाते. मग ना दिवा नीट लागतो ना हात गरम होतात. कॉइल ६० वॉटचं असेल तर खुशाल लावा. नसेल तर हँडलवर चढवायचे जाड कापडी मोजे मिळतात, मोटरसायकलवाले वापरतात तसे, त्यात पातळ ग्लव्ह्ज घालून हात घातले की वारा लागत नाही, आणि तो वाराच खरा मारतो. मात्र मोजे बसवल्यावर दोन्ही लीव्हर सोडले की पूर्ण वर येतात ना हे दहा वेळा तपासा. हात सोडला की मशीन थांबलं पाहिजे, ते लीव्हर त्याच्यासाठीच आहेत, कापड त्यात अडकलं तर मशीन तुमच्याशिवाय पुढे जाईल.

दिव्याचं: डिसेंबरात साडेचारला अंधार होतो, म्हणजे आपण बहुतेक वेळा अंधारातच स्नो काढतो. मूळचा पिवळा बल्ब मिणमिणता असतो. एलईडी लावायचा तर कॉइलमधून येते ती एसी वीज, डायरेक्ट जोडला तर एलईडी फडफडतो, आणि काही दिवे जळतातही. मध्ये एसीची डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर आणि एक कपॅसिटर टाकावा लागतो, पाच-सात डॉलरचं सामान, कपॅसिटर ५० व्होल्टचा घ्या कारण पूर्ण थ्रॉटलला व्होल्टेज १२च्या बरंच वर जातं. सोल्डरिंगची सवय नसेल तर चार्जिंगचा हेडलॅम्प टोपीवर लावा, खरं सांगू का, निम्मं काम त्यानेच होतं, आणि जिथे बघाल तिथे उजेड.

हँडलची उंची हा विषय बायकांनी तरी सोडू नये. ही मशिनं बनवताना पाच फूट दहा इंचाचा माणूस डोळ्यासमोर ठेवतात बहुतेक. मी पाच फूट एक इंच. पहिले दोन हिवाळे कोपर वर करून चालवलं आणि खांदे भरून यायचे. हँडल जिथे बॉडीला बोल्टने जोडलेलं असतं तिथे काही मशिनांना दोन-तीन भोकं असतात, खालचं निवडा. नसतील तर खालच्या बोल्टपाशी जाड वायसर घालून हँडल थोडं खाली कलवता येतं, फक्त त्यानंतर ऑगर आणि ड्राइव्हच्या केबल सैल पडतात किंवा ताणतात, त्या परत जुळवायच्या. केबल लीव्हर सोडलेला असताना किंचित सैल हवी, लीव्हर दाबल्यावर टणक. नवीन बेल्ट पहिल्या काही तासांत थोडा ताणला जातोच, तेव्हाही हीच जुळवाजुळव करावी लागते.

कानाला इअरमफ घाला, आवाजही कमी आणि कानही गरम. कापडी केबिन मी वापरून बघितली, वाऱ्यात छान, पण प्लॅस्टिकच्या खिडकीवर स्नो बसला की समोरचं दिसत नाही, शेजारची मुलं खेळत असतात, मी ती काढून टाकली.

हे करू नका

इंजिनचा गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) वाकवून फेरे वाढवायला सांगणारे भेटतील. ही इंजिनं साधारण ३,६०० आरपीएमला बांधलेली असतात, त्याच्या वर नेलं तर कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकच्या बाहेर येऊ शकतो. थंड इंजिन चालू झाल्यावर त्याचा वेग दोन-तीन मिनिटं खाली-वर होतो, चोक अर्धा ठेवून गरम होऊ द्या, त्यासाठी कार्ब्युरेटरचं जेट ड्रिलने मोठं करू नका, वॉरंटी तर जाईलच आणि अमेरिकेत इमिशनचं (धुराच्या प्रदूषणाचं) सेटिंग असं बदलणं कायद्यातही बसत नाही. गरम झाल्यावरही तसंच होत असेल तर वॉरंटीत दुकानाकडे न्या.

पेट्रोल

सगळ्यात जास्त मशिनं ह्याच एका कारणाने बंद पडतात. पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि महिनोन्महिने उभं राहिलं की कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत चिकट थर बसतो. कॅनमध्ये पेट्रोल भरलं त्याच दिवशी स्टॅबिलायझर घाला, महिन्याने नाही. इथेनॉल नसलेलं मिळत असेल तर सीझनच्या शेवटच्या दोन टाक्या तरी त्याच्या घाला. आणि एप्रिलमध्ये आता स्नो नाही अशी खात्री झाली, म्हणजे इथे एप्रिलचा दुसरा आठवडा तरी जाऊ द्या, की टाकी रिकामी करा, उरलेल्यावर इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, तेल बदला, बकेटचे खरवडलेले भाग घासून त्यावर रंगाचा हात मारा, स्क्रेपर बार किती झिजलाय ते बघा. तो उलटा करून बसवता येतो बऱ्याच मशिनांवर, म्हणजे दुसरी कडा अजून दोन-तीन हिवाळे जाते, पण बकेटची मूळ कड घासायला लागायच्या आत उलटवा. रबराच्या पट्ट्याही तेव्हाच बघून घ्या, माझ्या चार हिवाळे टिकल्या आणि बदलताना जुनीच भोकं कामाला आली.